तापलेली गाडी बंद करायची नाही

माझ्या गाडीची खोड सांगायला अगदी सोपी होती. सकाळी थंड असताना अर्ध्या चावीत सुरू व्हायची. दिवसभर पळवा, कुरकुर नाही. पण एकदा तापली आणि तुम्ही बंद केली, की संपलं. स्टार्टर गरगर फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही. वीस वेळा चावी मारा, बॉनेटवर थापा मारा, शिव्या घाला. मग बऱ्याच वेळानं, जसं काही झालंच नाही अशा थाटात ती सुरू व्हायची. हा बराच वेळ म्हणजे कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. त्याचा काही नेम नव्हता, आणि ज्याचा नेम नाही अशा गोष्टीनं माझं डोकं फिरतं.

मुळात मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही. सिग्नलला गाडी थांबली की मी स्टिअरिंगवर बोटं वाजवतो, डॉक्टरकडे नंबर यायच्या आत तीनदा बाहेर जाऊन येतो, जेवताना अर्ध्यात उठून गॅलरीत काय वाजलं ते बघतो. अशा माणसाच्या नशिबी ही गाडी. रस्त्याच्या कडेला, उन्हात, बॉनेट उघडून, काहीही न करता नुसतं थांबायचं. त्या दिवसांत मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की चपलांचे अंगठे तुटले.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. टाकी किती भरली, वाफ किती तापली, पंप किती वेगानं फिरतोय हे सांगणारे जे सेन्सर असतात, ते खरं सांगतात की थापा मारतात, हे बघणं माझं काम. सत्तावीस वर्षं हेच करतोय. राहायला शिरगावला, आईबरोबर. घरात आम्ही दोघंच. पाळी कायम दुसरी, मीच मागून घेतलेली, कारण रात्री लवकर झोप येत नाही. दुपारी तीनला गेटवर हजर. आई सकाळी उठून माझा डबा करते, आणि तिच्या हातचा डबा नसला की माझं तोंड दिवसभर वाकडं असतं, हेही इथंच सांगून टाकतो.

आमच्याकडे एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकून बसवतात. चालू प्लांट बंद पडू द्यायचा नाही. एकदा बंद पडला की पुन्हा मार्गी लावायला अख्खी पाळी जाते, माल नासतो, आणि वरपासून खालपर्यंत सगळे तुमच्या नावानं शंख करतात. त्यामुळे एखादा सेन्सर उगाच बोंब मारून प्लांट पाडायला लागला, तर आम्ही आधी त्याला बाजूला टाकून प्लांट चालू ठेवतो. त्याचं काय बिघडलंय ते मग सवडीनं बघतो. ही सवड कधी येते, कधी येतच नाही.

गाडीचंही मी तेच केलं. बिघाड शोधण्याऐवजी गाडी बंद करणंच बंद केलं. पेट्रोल पंप घरापासून पाच मिनिटांवर, म्हणून ती तापायच्या आत टाकी भरून घ्यायची. पालघरला बाजारात इंजिन चालू ठेवून उभा राहायचो आणि आई खिडकीतून भाजी घ्यायची. भाजीवाली सरळ आत कोथिंबीर टाकायची, कधी आईच्या मांडीवर, कधी गिअरवर. एकदा एटीएममध्ये गेलो तर बाहेरच्या रखवालदारानं पाच मिनिटं माझी गाडी राखली आणि परत आल्यावर मला चांगलंच झापलं, की कुणी पळवली असती तर. मी म्हटलं, पळवू दे, पहिल्या चहाला थांबेल तिथंच सापडेल. तो हसला नाही.

हे सगळं मजेत चाललं असतं. पण माकुणसारला मावशी होती.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा माझी आई दोन वर्षांची होती आणि मावशी अकराची. मावशीनंच आईला कडेवर घेऊन वाढवलं, वेण्या घातल्या, आणि बंदरावर मासळी निवडायला जाताना तिलाही बरोबर नेलं. पुढे लग्न होऊन मावशी माकुणसारला गेली. आता ती ऐंशीच्या पुढे. गेल्या गणपतीत तिनं एकाच कालवणात तीनदा मीठ घातलं आणि कुणी टाकलं म्हणून सुनेवर रागावली. मग घराची वाट चुकली. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं की हे वाढत जाणार, मागं फिरणार नाही.

तेव्हापासून आईला घाई झाली. आईनं आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही, पण हे तिनं मला स्पष्ट सांगितलं. तिला तिच्या आईचा चेहरा आठवत नव्हता. आजीचा एकही फोटो नाही, त्या काळी आमच्या लोकांत फोटो कोण काढतंय. आजीला पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे मावशी. इतकी वर्षं आईनं विचारलं नाही, कारण मावशी त्या विषयावर गप्प व्हायची, आणि आई म्हणायची की विचारू कधीतरी निवांत बसल्यावर. आता ते कधीतरी संपत आलं होतं. आईला मावशीजवळ एक अख्खी दुपार बसायचं होतं, मावशीच्या डोक्यात ते आहे तोवर. बाकी काही नको होतं तिला.

आईचे गुडघे गेलेले. तिला टमटममध्ये चढता येत नाही आणि एसटीची पायरी तर नाहीच. म्हणजे गाडी आणि मी, दुसरा मार्ग नव्हता.

ऑक्टोबरात पहिल्यांदा गेलो. केळव्याच्या बाजूनं गेलो, सकाळी दहाला पोचलो. मावशी पडवीत बाजेवर बसलेली. आईला बघून तिनं दोन्ही हात पुढे केले, नावानं हाक मारली, सुनेला म्हणाली की माझी बाय आली, बांगडे तळ. मी गाडी अंगणात लावली आणि सवयीनं चावी काढली. अर्ध्या तासानं मला शिफ्टचं आठवलं. चावी मारली, नाही. पुन्हा मारली, नाही. अंगणात एक झाड नाही, गाडीचं तोंड उन्हाकडे. इतका वेळ तिनं कधीच घेतला नव्हता, दोन झाले तरी ती ढिम्म. मी अंगणात येरझाऱ्या घालतोय, फोन करतोय, मध्येच आत येऊन आईला सांगतोय की माझी पाळी बुडाली. ती बिचारी मावशीजवळ बसलेली, पण डोळे माझ्याकडे. त्या दिवशी आई मावशीशी एक शब्द धड बोलली नसेल. साडेतीनला गाडी सुरू झाली तेव्हा मी इतका कावलेलो होतो की बांगडे तसेच सोडून आईला घेऊन निघालो.

त्यानंतर मी नियमच केला. माकुणसारला दर आठवड्याला एका सकाळी जायचं, पण गाडी बंद करायची नाही. अंगणात उभी करायची, इंजिन चालू, मी स्टिअरिंगवर, आईनं आत जाऊन यायचं. दहा मिनिटं. बारा झाली की मी हॉर्न द्यायचो.

आमच्याकडे कुणाच्या दारात जाऊन आत न बसणं म्हणजे त्या घराला लाथ मारल्यासारखं. मावशीची सून पहिल्या वेळी हसली, दुसऱ्या वेळी गप्प झाली, तिसऱ्या वेळेपासून चहाचा पेला खिडकीतून माझ्या हातात द्यायला लागली आणि पेला रिकामा होईपर्यंत पाठ करून उभी राहायची. आई गुडघ्यांवर हात ठेवत पडवीची पायरी चढायची, त्यातच दोन मिनिटं जायची. उतरायला तीन. उरलेल्या पाच मिनिटांत दोन म्हाताऱ्या बहिणी काय बोलणार. कशी हायस, जेवलीस का, औषध घेतेस का. एवढ्यात हॉर्न. आणि मावशीच आईला उठवायची. जा बाय, गाडी उभी हाय.

आई मला एकदा म्हणाली होती की बंदच कर गाडी, आपण बसू तीन तास, थंड झाली की निघू. मी म्हटलं, आणि नाही झाली तर? ती म्हणाली, मग चार तास. मी तिला वेड्यात काढलं. सुट्टीच्या दिवशी जाऊ असंही तिनं सुचवलं. आठवड्याची सुट्टी मी झोपण्यात आणि उगाच इकडून तिकडे हिंडण्यात घालवायचो. त्या दिवशी तिला घेऊन गेलो असतो तर गाडी चार तास काय, दिवसभर रुसली असती तरी माझं काय बिघडणार होतं? पण तीन तास त्या पडवीत नुसतं बसायचं या विचारानंच माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. तेव्हा मी सगळं गाडीवर ढकललं.

आणि गाडीच्या मागे मात्र हात धुऊन लागलो. आधी बॅटरी बदलली. ती बदलायचं काहीच कारण नव्हतं, स्टार्टर तर जोरात फिरत होता, पण काहीतरी केल्याचं समाधान. मग प्लग, मग पेट्रोलचा फिल्टर. कुणी सांगितलं पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते, तर मी ओल्या फडक्याचे बोळे नळीला गुंडाळून हिंडायला लागलो. बॉनेट उघडलं की आत धुणं वाळत घातल्यासारखं दिसायचं.

शेवटी बोईसरला तारापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. उत्तरेकडचा, साठीचा, बोलायला कमी. त्यानं गाडी तापवली, बंद केली, चावी मारली आणि कान लावून ऐकलं. एक प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. मग खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बसवलेल्या बोटभर लांबीच्या एका तुकड्याकडे बोट केलं.

"साहब, पहले ये सेन्सर देख लो."

तो क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला तो सांगतो. त्यानं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर समजतो इंजिन उभं आहे, आणि ठिणगी देत नाही. सेन्सर म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. हा माणूस मला सेन्सर शिकवतोय. सत्तावीस वर्षं मी काय गवत उपटलं? मी त्याला म्हटलं, काढून द्या, हा मी बघतो.

दुसऱ्या दिवशी ऑटोनं कामाला गेलो, सेन्सर खिशात. आमची तपासायची खोली एसी, बाराही महिने गारेगार, यंत्रांना सोसावं म्हणून. तिथं टेबलावर स्वच्छ कापड अंथरून मी तो ठेवला, मीटर लावला, आकडा बघितला. जिथं हवा तिथंच. हलवून बघितला, तार वाकवून बघितली. ठणठणीत. चहाच्या वेळी दोघातिघांना कौतुकानं दाखवलाही. मग मिस्त्रीकडे गेलो आणि चारचौघांत त्याला सांगितलं की सेन्सर चोख आहे, तुमचा अंदाज चुकला. तो मान डोलवत म्हणाला, आप कहते हो तो ठीक होगा. त्यानं तो जागेवर बसवला आणि मी सांगितलं म्हणून पेट्रोलचा पंप बदलला. ते डिसेंबराचे दिवस होते.

आणि गंमत बघा, गाडी सुधारली. म्हणजे थंडी पडली होती. सकाळचं ऊन कोवळं, वाऱ्याला गारवा, इंजिन पुरतं तापतच नव्हतं. दहातल्या आठ वेळा ती पटकन सुरू व्हायची. मी कारखान्यात पंपाची गोष्ट सांगत फिरलो. पण माकुणसारच्या अंगणात इंजिन चालूच. आई म्हणाली, आता नीट झाली ना, मग बंद कर की. मी म्हटलं, अजून खात्री नाही. जानेवारीतल्या एका मंगळवारी मावशी आईला स्वतःच्या सासूच्या नावानं हाक मारत होती, मग एकदम ओळखलं आणि रडली. त्या दिवशी आईला अजून पाच मिनिटं हवी होती. मी हॉर्न दिला. 

फेब्रुवारीत ऊन चढलं आणि गाडीची खोड परत आली, आधीपेक्षा वाईट. आता तिला दर वेळी दोन-अडीच तास लागायला लागले. मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो नाही, कुठल्या तोंडानं जाणार. आई आता गाडीबद्दल काही विचारत नव्हती. माकुणसारहून परतताना ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा शिरगाव आल्यावर मला म्हणाली, आज तिनं मला वळखलं नाय रे. मग पिशवी घेऊन आत गेली आणि माझ्यासाठी भात टाकला. मी दारातच उभा राहिलो. मला तिच्या समोर जायची हिंमत होत नव्हती, आणि तरी डोक्यात विचार काय चालला होता, तर वायरिंग बदलून बघावं का.

मार्चमध्ये आमच्या प्लांटमध्ये एक पंप रोज दुपारी पडायला लागला. चालायचा छान. पण काही कारणानं थांबवला की पुन्हा सुरू करताना वेगाचा सेन्सर गप्प, आणि पंप उठायचाच नाही. रात्री सगळं निवल्यावर ठीक. कंत्राटावरचा एक टेक्निशियन, माझ्याच वयाचा, शांत माणूस, तो सेन्सर काढून आमच्या खोलीत घेऊन आला. टेबलावर ठेवला, चहा पिऊन आला, मग मीटर लावला आणि मला म्हणाला की सेन्सर चांगला आहे.

मी त्याच्यावर असा घसरलो की बाजूची माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, भट्टीशेजारी भाजणारी वस्तू तू एसीत आणून गार करतोस, आणि मग तिला विचारतोस बरी आहेस का? बरीच म्हणणार ती. तापल्यावर मरते ना, मग तापवून बघ. गरम तेलात बुडव, मग लाव मीटर. सत्तावीस वर्षांत एवढंही...

तिथंच माझी जीभ अडली. तो माणूस मान खाली घालून उभा होता.  हेच टेबल, हेच कापड, हाच मीटर. डिसेंबरात माझ्या हातात तो तुकडा होता आणि मी त्याला गार करून विचारलं होतं बरा आहेस का. मिस्त्रीला चारचौघांत खोटं पाडलं होतं. मी त्या टेक्निशियनला म्हटलं, चूक माझीही झालीय, तू तेल तापव. त्याला काय ते कळलं नाही. त्याचा सेन्सर तेलात ऐंशी अंशांच्या आसपास मेला, आणि पाळी संपेपर्यंत मी एका जागी उभा राहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या गाडीखाली शिरलो आणि सेन्सर काढला. कारखान्यात तीनला जायचं, तोवर धीर कुणाला. स्वयंपाकघरात गेलो, चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पातेल्यात सोडला आणि तारांना मीटर लावला. आई भाकरी थापत होती. तिनं एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं की यात आता मीठ किती घालू.

पाणी कोमट झालं, आकडा थोडा चढला. वाफा यायला लागल्या, अजून चढला. पाणी उकळलं आणि मीटरवरचा आकडा गायब. आतली तार तापून फुगली की कुठंतरी सुटत होती. गॅस बंद केला. दहा-पंधरा मिनिटांत आकडा परत जागेवर, साळसूद. पुन्हा उकळलं, पुन्हा गायब. इंजिन चालू असताना पंखा आणि पाणी त्याला गार ठेवतात, तोवर तार कशीबशी टिकते. गाडी बंद केली की तेही बंद, सगळी उष्णता तिथंच कोंडते, आणि चावी मारली की हा मेलेला. इतकं साधं होतं ते. मी आईला सगळं समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून. ती भाकरी उलटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, म्हणजे हा मिस्त्रीनं दाखवला तेव्हाच सापडला असता.

मी हो म्हटलं. आणि ते पातेलं घासून ठेवलं, तरी तिनं पुढे कधी त्यात चहा केला नाही.

नवा सेन्सर त्याच मिस्त्रीकडून बसवून घेतला आणि त्याची माफी मागितली. त्यानं हात झटकून सोडून दिलं. मी भर दुपारी पालघर, बोईसर, परत पालघर अशी गाडी तापवली, सात ठिकाणी बंद केली, सातही ठिकाणी ती टचकन सुरू झाली. शेवटच्या वेळी मी एकटाच रस्त्यावर हसलो. पुढच्या सुट्टीला, सकाळीच, आईला म्हटलं चल. आज दिवसभर बसायचं. तिनं केसांत फूल माळलं आणि मावशीसाठी सुके बोंबील बांधून घेतले.

दहाच्या सुमाराला अंगणात पोचलो. मी चावी काढली. इतक्या दिवसांनी त्या अंगणात इंजिन थांबलं आणि मला कोंबड्यांचा आवाज ऐकू आला. सूनही दारात येऊन बघायला लागली. आई पडवीवर चढून मावशीच्या बाजेवर बसली, तिचे हात हातात घेतले. मावशी तिच्याकडे टक लावून बघत राहिली, कुणीतरी ओळखीचं आहे पण कोण, असं. मग तिचं लक्ष अंगणाकडे गेलं.

"जा बाय, गाडी उभी हाय," ती म्हणाली.

आई म्हणाली की आज मी बसायला आलेय. मावशी नाही नाही करायला लागली. आईच्या दंडाला धरून तिला उठवायला लागली, पोर कावेल म्हणाली. मी पायरीवर गेलो, चावी हातात धरून दाखवली आणि मावशीला सांगितलं की गाडी बंद केलीय, आम्ही आज राहणार. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आईला घाबरून म्हणाली की बघ, गाडीवाला आला बोलवायला. मी खाली उतरलो. 

असं तासाभरात चार वेळा झालं. आई समजूत घालायची, मावशी जरा निवायची, बोंबलाचा वास घेऊन खूष व्हायची, आणि मग अंगणाकडे बघून पुन्हा धडपडायची. सगळं विसरली होती ती. सुनेचं नाव, स्वतःचं वय, आईचं नाव. पण आई आली की गाडी उभी असते आणि तिला लगेच उठवायचं असतं, हे मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी दर आठवड्याला तिथं येऊन ते बसवलं होतं.

चौथ्यांदा शांत झाल्यावर आईनं तिला विचारलं. मी पायरीखालीच उभा होतो, मला नीट ऐकू आलं.

"आपली आय कशी दिसायची गो?"

मावशीचा चेहरा बदलला. इतका मोकळा चेहरा मी तिचा कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. तिनं आईच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, अंगठा टेकवला. "आय ना," ती म्हणाली, आणि हसली. आई पुढे सरकली. मावशीनं तोंड उघडलं आणि तिची नजर आईच्या खांद्यावरून अंगणात गेली.

"पुढच्या वेळी सांगते. ऊठ. गाडी उभी हाय."

आईनं मावशीला उशीला टेकवून बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की गाडी घेऊन तू जा. मी म्हटलं, मागच्या वाडीत लावतो, तिला दिसणार नाही, मी तिथं बसतो. ती नको म्हणाली. "तू हितं असलास की माजंच ध्यान दाराकडे जातं. मी राहते हितं. डबा तुजा तू बघ."

मी गाडीत बसलो. उन्हात तासभर तापलेली गाडी, पत्र्याला हात लावला तर चटका. चावी फिरवली आणि ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्या आवाजासरशी मावशी बाजेवरून उठली आणि आईला दोन्ही हातांनी पायरीकडे ढकलायला लागली. मी घाईघाईनं गिअर टाकला आणि फाटकाबाहेर पडलो.

आई तिथं बारा दिवस राहिली. गाडी दिसेनाशी झाली तशी मावशी निवली, असं सून फोनवर म्हणाली. दोघी एका बाजेवर झोपायच्या. आईनं रोज सकाळी तिला तेच विचारलं, आणि रोज मावशीनं हसून तिच्या कपाळावर अंगठा टेकवला. पण पुढचं तिला आठवलं नाही.